इच्छुकांची यादी

आमच्या सोसायटीत माझ्या नवऱ्याला 'मेजर' म्हणतात. तो हवालदार आहे. पहिली तीन-चार वर्षं मी हे सगळ्यांना समजावून सांगत होते, मग नाद सोडला. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला सेक्रेटरी दिनानाथकाकांना झेंड्याची दोरी ओढायला गणवेशातलं कुणीतरी लागतं, आणि गोखिवऱ्यातल्या आमच्या चार विंगांत मिळून गणवेश एकट्या सिद्धेशकडे आहे. वॉचमनचा सोडला तर.

"म्हणजे होमगार्ड का हो?" हा लोकांचा पुढचा प्रश्न. नाही. "मग रिटायर फौजी?" तेही नाही. टेरिटोरियल आर्मी. मराठीत प्रादेशिक सेना म्हणतात, पण मराठीत सांगितलं की लोकांना तो एखादा पक्ष वाटतो आणि ते विचारतात, यंदा उभे राहणार का.

देशाला एक कायमची फौज असते आणि तिच्या पाठीशी ही राखीव फौज. हिच्यातली माणसं एरवी आपापल्या पोटापाण्याला लागलेली असतात. कुणी कारकून, कुणी शिक्षक, कुणी बागायतदार. पोट भरायचं दुसरं साधन असल्याशिवाय इथे भरतीच करत नाहीत. सिद्धेश गोखिवऱ्यातल्याच एका गाळ्यात फिटर आहे. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या मशिनी तो चालत्या ठेवतो. वर्षातून दोन महिने पुण्याला कँपला जायचं, धावणं, कवायत, बंदूक सगळं घासूनपुसून घ्यायचं आणि घरी परतायचं. बाकी दहा महिने आपण आणि आपली नोकरी. पण बोलावणं आलं की मग वर्ष-दोन वर्षं जावं लागतं. रस्ते, पूल, कोठारं राखायची, म्हणजे नेहमीचे जवान पुढे सरकायला मोकळे. माणूस असा वर्दीत गेला की तो 'एम्बॉडी' झाला म्हणतात. तेवढा काळ मालकानं त्याची नोकरी राखून ठेवायची, असा कायदा आहे. बायकोबद्दल कायदा काही बोलत नाही. ती राहतेच, असं सरकारनं धरून चाललंय.

सिद्धेश तीनदा गेला. पहिलं बोलावणं आलं तेव्हा आमची आर्या चौथीत होती. रजिस्टर पत्र आलं होतं, पोस्टमननं सही माझी घेतली. तो कागद मी दोनदा वाचला आणि देवासमोर ठेवला, भीतीनं की अभिमानानं ते मला आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या वेळी आर्या दहावीच्या उंबरठ्यावर होती. आणि तिसऱ्यांदा तो गेला गेल्या वर्षी जानेवारीत. आर्या रत्नागिरीला कॉलेजच्या हॉस्टेलवर गेली त्याला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. या दोन वेळा कागद आला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "आता सगळं ग्रुपवर येतं. ऑर्डर आली, मीरा."

ऑर्डर आली म्हटल्यावर मी काय बोलणार? माणसाशी भांडता येतं. सासूशी, दिराशी, पाण्याच्या टँकरवाल्याशी मी भांडलेली आहे आणि जिंकलेलीही आहे. हुकुमाशी कोण भांडणार? तिन्ही वेळा मी माळ्यावरून काळी ट्रंक काढली, बेसनाचे लाडू वळले, हातावर दही ठेवलं आणि म्हटलं, "जा. इथली काळजी करू नको. माझं काही अडत नाही." फौजीच्या बायकोनं असंच बोलायचं असतं अशी माझी समजूत. डोळ्यांना पदर लावणाऱ्यांतली मी नव्हे, हे दाखवायची हौस.

खोटं होतं ते. माझं फार अडतं.

अडतं म्हणजे सिलिंडर आणि लाइटबिल नव्हे, ते मी झोपेतही करीन. मी वसई स्टेशनजवळच्या एका दातांच्या दवाखान्यात सकाळच्या वेळी बसते. "डॉक्टर आत आहेत, बसा" हे वाक्य दिवसातून चाळीस वेळा बोलते. दोन वाजता घरी आले की दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत माझा आवाज मला ऐकू येत नाही. एका वाटीच्या भातासाठी कुकर लावायची लाज वाटते. मेथीची जुडी आणली की तीन दिवस मेथी. गेल्या गणपतीत मला ताप भरला, दोन दिवस अंथरुणात होते. थर्मामीटर लावला, एकशे दोन. कपाळावर हात ठेवून "चटका बसतोय ग" म्हणणारं घरात कुणी नव्हतं. ताप किती ते थर्मामीटर सांगतो, पण त्याला त्याचं काही वाईट वाटत नाही. त्या दिवशी मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि रविवारी त्याला म्हटलं, "मी एकदम ठणठणीत."

रविवारी म्हणजे त्याच्या फोनला. त्याची चौकी कुठे आहे ते तो सांगत नाही, सांगायचंही नसतं. एवढंच ठाऊक की तिथे नेटवर्क नाही, आणि रविवारी सकाळी आळीपाळीनं डोंगरावरच्या दुसऱ्या चौकीत गेलं की एका कोपऱ्यात मिळतं. तिथे रांग लावून सगळे घरी बोलतात. मागे माणसं ताटकळत असली की कोण मनातलं बोलणार? "जेवलास?" "जेवलो." मग तो विचारणार, "आर्याचा फोन?" "आला होता." "पाणी येतं का?" "येतं." दर दोन-तीन रविवारी मी एक जास्तीचा प्रश्न विचारायचे, "फ्रेडरिकभाऊ बरे आहेत ना?" आणि तो म्हणायचा, "बरा आहे."

फ्रेडरिक तुस्कानो त्याच्याच पलटणीतला, होळी गावचा. तिथे त्यांची वाडी आहे. केळी, भाजी, थोडा मोगरा. दोघं एकाच वर्षी भरती झालेले, दर वर्षी कँपला वसईहून बरोबर निघतात. मी धरून चालले होते की सिद्धेश जिथे, तिथे फ्रेडरिक.

गेल्या महिन्यात, म्हणजे मार्च लागला तेव्हा, आर्याच्या हॉस्टेलनं एक प्रमाणपत्र मागितलं. वडील सैन्यात सेवेवर असल्याचं. ते कुणाकडून आणायचं, सही कुणाची, हे रविवारच्या त्या चार वाक्यांत विचारणं शक्य नव्हतं. मला फ्रेडरिकची बायको ग्लोरिया आठवली. त्यांचा शॉन आर्याच्याच वयाचा, म्हणजे तिनंही हे सोपस्कार केले असणार. शनिवारी दवाखाना सुटल्यावर मी बस पकडून थेट होळीला गेले. खरं सांगायचं तर प्रमाणपत्र हे निमित्त होतं. तीही एकटी, मीही एकटी. म्हटलं, दोघी बसू, चहा पिऊ, नवऱ्यांच्या नावानं चार बोटं मोडू. सव्वा वर्षात हे आपल्याला सुचलं कसं नाही, म्हणून बसमध्ये मी स्वतःलाच बोल लावत होते. फार दिवसांनी कुठेतरी जायचंय या नुसत्या विचारानं मला बरं वाटत होतं.

घर विचारत विचारत सापडलं. रस्त्याला लागून विहीर, पंप चालू, मागे केळीच्या रांगा. मी फाटक लोटलं, तेवढ्यात केळीतून बनियन घातलेला, हातात कोयता घेतलेला एक माणूस बाहेर आला. फ्रेडरिक.

"अरे, वैनी! या या. ग्लोरिया, बघ कोण आलंय!"

"भाऊ, सुट्टीवर आलात?"

"सुट्टी कसली? मी इथेच. या केळीला पाणी कोण लावेल?"

"म्हणजे परत पाठवलं? तब्येत बरी नाही का?"

"गेलोच नाय, तर परत कोण पाठवेल, वैनी?" तो हसला. पाटाच्या पाण्यात हात धुता धुता तो अगदी सहज बोलून गेला. "या टायमाला अख्खी पलटण कुठे बोलावली? थोडीच माणसं पायजे होती. अशा वेळी आधी इच्छुकांची नावं मागवतात. यादी भरली नाय तरच हुकूम काढून बाकीच्यांना ओढतात. मागच्या टायमालापण तसंच. पप्पा गेल्यापासून वाडी माझ्या एकट्यावर, मी दोन्ही वेळा नाव दिलं नाय. सिद्धेश काय, त्याचं तर पहिल्या दिवशी पहिलं..."

तो थांबला. माझ्या तोंडाकडे बघून थांबला.

"वैनी, तुम्हाला माहीत होतं ना?"

"माहीत नसायला काय झालं?" मी म्हटलं. "मला विचारूनच तर दिलं त्यानं नाव."

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सफाईनं कसं गेलं, देव जाणे. घरची अब्रू झाकायची बायकांना सवयच असते, हात आपोआप पदराकडे जातो. ग्लोरियानं चहा केला, ताटलीत सुकेळी, त्यांच्याकडची उन्हात वाळवलेली केळी, ठेवली. प्रमाणपत्राचं विचारलं तर ती बिचारी म्हणाली, "मला नाय ग ठाऊक. आमचे हे घरीच असतात ना, मला कशाला लागतंय ते?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तरी मला लागायचं ते लागलंच. आतून तिनं फ्रेडरिकला काहीतरी आणायला सांगितलं, त्यांच्या घरच्या बोलीत, तो तिथूनच ओरडून उत्तरला, आणि दोघं कशावरून तरी कुरकुरली. ते ऐकत मी सुकेळं चघळत बसले.

फ्रेडरिक मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. फाटकाची कडी लावली. मग म्हणाला, "वैनी, या महिन्यात परत नावं मागवणार आहेत. ज्याला घरी यायचंय त्याला सोडतील. ज्याला थांबायचंय त्याला अजून एक वर्ष. ग्रुपवर आलंय. तुम्ही सांगा त्याला, बस झालं आता."

"बघते," मी म्हटलं.

परतीच्या बसमध्ये मला खिडकी मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं असेल तर शपथ. माझं डोकं फिरलं होतं. मागची दोन वर्षं आणि हे सव्वा वर्ष. एवढा काळ मी एका हुकुमाचा मान राखून गप्प बसले होते आणि हुकूम नव्हताच. एक माणूस होता, माझा नवरा, ज्याला घरातून जायचं होतं. दुसरी बाई असती तरी समजलं असतं. बाईशी निदान बरोबरी करता येते, ती गोरी की मी, ती सुगरण की मी. हा मला सोडून कशाकडे गेला होता? एका पुलाकडे?

आणि ते "बरा आहे". होताच की बरा! होळीत केळीला पाणी लावत होता. दर वेळी मी विचारायचे आणि दर वेळी हा एकही अक्षर खोटं न बोलता मला फसवत होता. त्याचा मला सर्वांत जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी रविवार. दहा वाजता फोन वाजला. मी समोर बसून त्याच्याकडे बघत राहिले. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. मी उठून चहाचं भांडं घासायला घेतलं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी सरळ पायात चपला सरकवल्या आणि पिशवी घेऊन खाली गेले. सव्वा वर्ष मी रविवारची वाट बघत होते. एक रविवार त्याला बघू दे. खाली दिनानाथकाका भेटले. म्हणाले, "काय, पाडव्याला येतायत का आमचे मेजर?" मी म्हटलं, "त्यांनाच विचारा. त्यांच्या मनावर आहे." काकांना वाटलं मी गंमत करतेय. ते हसले, मीही हसले. महिना तर आत्ताच लागला होता. मनात म्हटलं, आठवडाभर तळमळू दे, पुढच्या रविवारी अशी फैलावर घेते की जन्मात यादी म्हणून कशाचं नाव काढणार नाही.

माझा राग दुधासारखा. भसकन वर येतो, आणि मग खाली भांड्यात थोडंसंच उरतं. मंगळवारपर्यंत तो ओसरला आणि मग डोक्यात भलतंच येऊ लागलं.

पहिल्यांदा तो दोन वर्षांनी घरी आला होता ते दिवस. आल्या आल्या मोरीचा नळ गळताना दिसला म्हणून त्यानं पाना काढला. मी म्हटलं, "राहू दे, प्लंबरला सांगितलंय." आर्याला क्लासहून आणायला निघाला, तर ती म्हणाली, "बाबा, मी मैत्रिणींबरोबर येते." स्वयंपाकघरात उभा राहून विचारायचा, "साखर कुठे ठेवतेस आता?" मी डबे हलवले होते. बाजारात जातो म्हणाला की मी म्हणायचे, "तू बस, मला सवय झालीय." दोन वर्षं दमून आलाय, याला आराम द्यावा, एवढंच माझ्या मनात. पाहुण्याला आपण काम सांगत नाही तसं मी त्याला महिनोन् महिने काम सांगितलं नाही. गाळ्यावरही तेच. मालकानं कायद्याप्रमाणे जागा ठेवली होती, पण मधल्या काळात नवी मशीन आली होती आणि बदलीवर घेतलेल्या माणसाला ती तोंडपाठ. सिद्धेशला स्टूल होतं, काम नव्हतं. संध्याकाळी येऊन तो बाल्कनीत बसायचा. मला वाटायचं, हवा खातोय.

बुधवारी रात्री आर्याचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबा जाताना मला काय म्हणाले माहितीये? म्हणाले, तुझी आई एकटी मस्त असते, तिचं कुणावाचून अडत नाही."

"असं म्हणाला?"

"तूच तर सारखं म्हणतेस ते."

फोन ठेवल्यावर मी त्याच्या जागेवर, बाल्कनीत जाऊन बसले. समोर दुसरी विंग, एकेका घरात दिवे, कुठे टीव्ही, कुठे पोळ्या लाटणाऱ्या बायका. चूक माझीही होती, कबूल. चार आणे माझी, बारा आणे त्याची. मी पोकळ बढाई मारली असेल, पण खोटी ऑर्डर नाही काढली. तरी तो इथे बसून या खिडक्यांकडे बघत असणार, आणि मागे मी घरभर खडखडाट करत सगळी कामं एकटीनं उरकत असणार, हे चित्र काही डोळ्यांपुढून हलेना. आम्ही दोघं एकाच घरात एकेकटे होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी वाक्यं जुळवत होते. दवाखान्यात एका आजोबांना "बसा" म्हणायच्या ऐवजी "ये" म्हणाले. ते आत आले आणि डॉक्टर माझ्यावर उखडले.

रविवारी आठपासून फोन चार्ज करून समोर ठेवला. अंघोळीला बाथरूममध्येही घेऊन गेले. दहा वाजले, साडेदहा झाले. आता हाही सूड उगवतोय की काय, असं वाटेपर्यंत पावणेअकरा झाले आणि फोन वाजला.

"मीरा?"

"मागच्या रविवारी मी मुद्दाम उचलला नाही."

"माहीत आहे."

"मी होळीला गेले होते. फ्रेडरिकभाऊ अगदी बरे आहेत."

"माहीत आहे," तो परत म्हणाला. पलीकडे वारा फार होता. "त्याचा मेसेज आला होता. वैनींना बोलून बसलो, सॉरी, असा."

"मग आता तू बोलू नको. आधी मी बोलणार." मी उभी राहिले. बसून हे जमलं नसतं. "ऑर्डर नव्हती. दोन्ही वेळा नव्हती. तू मला सांगितलं असतंस की मला जायचंय, तर मी भांडले असते. घर डोक्यावर घेतलं असतं. तू मला भांडूच दिलं नाहीस, सिद्धेश. मी हुकूम समजून दही ठेवत राहिले. आणि ते माझं काही अडत नाही, ते खोटं आहे. पहिल्या दिवसापासून अडतं. मला एकटीला राहवत नाही. गणपतीत ताप आला होता, मी सांगितलं नाही. घरात बोलायला कुणी नाही म्हणून मी कामावरून उशिरा निघते. तू आलास की मी तुला काही करू देत नाही, ते माझं चुकतं, ते मी सुधारीन. पण या वेळी नाव देऊ नको. घरी ये. बाकी मला काही नको, तू घरी ये."

एवढं सगळं मी एका दमात बोलले. वीस वर्षांच्या संसारात त्याला "ये" असं मी कधी म्हटलं नव्हतं. "जा" खूपदा म्हटलं होतं.

पलीकडे वारा एवढा वाढला की मला वाटलं फोन कटला.

"हॅलो?"

"यादी बुधवारी गेली, मीरा."

"महिनाअखेरपर्यंत होती ना?"

"नाही. बुधवारीच मागवली. मी नाव दिलं."

"मला न विचारता?"

"विचारायलाच तर फोन केला होता. मागच्या रविवारी." त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "ठरवून आलो होतो. म्हटलं, या वेळी तिला खरं काय ते सांगायचं आणि विचारायचं, येऊ का. वर आलो तर आधी फ्रेडरिकचा मेसेज दिसला. तुला लावला, तू उचलेनास. तीनदा केला. मला वाटलं, तिला कळलंय आणि तिचं हेच उत्तर आहे."

"मेसेज टाकता आला असता."

"काय टाकू? 'येऊ का'? स्वतःच्या घरी?"

मी परत खाली बसले. खुर्चीवर बसायचं होतं, लादीवर बसले.

"नाव काढून घे," मी म्हटलं. "साहेबांना सांग, बायको नाही म्हणते."

"विचारतो. पण काढत नाहीत. माझ्या नावावर कुणाला तरी घरी सोडलंय, तो गेलासुद्धा. परवा ऑर्डर निघाली." मग म्हणाला, "या वेळी खरी आहे. पुढच्या मार्चपर्यंत."

तो कुणीतरी एव्हाना आपल्या घरी पोचला असेल. त्याच्या बायकोनं दार उघडलं असेल. मला तिचा हेवा वाटला आणि हेव्याची लाजही वाटली नाही.

मागून कुणीतरी हिंदीत म्हणालं, "हवालदार साब, हो गया?" सिद्धेश म्हणाला, "नहीं हुआ." मग मला म्हणाला, "मीरा, तू रडतेस?"

"हो."

"मी कधी ऐकलंच नव्हतं."

"आता ऐक."

त्यानं ऐकलं. गप्प करायचा प्रयत्न केला नाही, फौजीच्या बायकोनं रडू नये वगैरे काही बोलला नाही. माझं आवरल्यावर म्हणाला, "पुढच्या मार्चला मात्र नक्की. येऊ ना?"

"परत विचारतोस?" मी चिडलेच. "आपल्या घरी यायला विचारायचं नसतं."

"बरं," तो म्हणाला. मग रांगेतल्या पुढच्या माणसाला कोपरा मोकळा करून देऊन तो वर्षभरासाठी डोंगर उतरून गेला.